कड्यावरची साक्ष

ऐन हजल, ९ सप्टेंबर

वदीअ,

हे पत्र नजला तुझ्या कपड्यांच्या गाठोड्यात घालून तुरुंगात आणेल. ती आधी तयारच होत नव्हती. "नुहादताई, तुमचं नुसतं नाव काढलं तरी ते जाळीपासून उठून जातात. वीस मिनिटांची भेट असते, त्यात मला कशाला अडकवता?" असं म्हणाली. मग आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा कुठे हो म्हणाली. तेव्हा बायकोवर चिडू नकोस. चिडायचं तर माझ्यावर चीड, त्याची तुला सवय आहे.

पहिल्याच पानावर सांगून टाकते. मी साक्ष मागे घेतलेली नाही आणि घेणारही नाही. चर्चमधल्या बायका, गावप्रमुख मुख्तार, तुझ्या सासरचे, सगळे येऊन गेले. "सख्खा भाऊ आहे, दिसलं नाही म्हण. धुकं होतं म्हण." धुकं होतंच. धुकं होतं म्हणून तर पक्षी इतके खाली बसले होते. पण दुर्बिणीतून मला तू दिसलास, अगदी हाताच्या अंतरावर. ओकांच्या राईत रात्रभर विसावलेले मधुबाज पहाटे पंख झटकत होते. खाली तुम्ही सगळे बंदुका घेऊन उभे होतात. आणि आर्मेनियन ह्रायर, आपला पक्षी मोजणारा पाहुणा, हात पसरून बांधावर उभा होता. तू म्हणालास, "अर्मन्या, बाजूला हो." तो म्हणाला, "मोजतोय. मोजून झालं की होतो." आणि तू बार टाकलास. पक्ष्यांवर नाही, त्याच्यावर.

कोर्टात मी एवढंच सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती कुणी विचारली नाही. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, वदीअ. कंटाळा होता. रांगेत पुढचा माणूस हलत नसला की येतो ना, तसा. मला वर्षभर झोप लागत नाही ती त्यामुळे.

ह्रायर परत आलाय. बैरूतमधलं घड्याळांचं दुकान पुतण्यावर सोपवून मागच्या आठवड्यात आला आणि आपल्या खालच्या खोलीत उतरला. उजवा डोळा गेला, फुप्फुसात अजून छर्रे आहेत, चढण चढताना शिट्टीसारखा श्वास वाजतो. आईने त्याला दारात पाहिलं आणि रडायलाच लागली. तो म्हणाला, "उम्म वदीअ, रडता कशाला? घड्याळजी आणि पक्षी मोजणारा, दोघं एक डोळा मिटूनच काम करतात. माझा मिटायचा त्रास वाचला."

आई हसली. तुला शिक्षा झाल्यापासून पहिल्यांदा हसली. मला वाटलं तुला हे कळावं.

आज पहिले मधुबाज गेले. समुद्राकडून वर चढले, कड्याच्या डोक्यावर गोल गोल फिरत उंच झाले आणि दक्षिणेला निघाले. खाली कुणी बार टाकला नाही. अजून द्राक्षांची तोडणी चालू आहे, माणसं मळ्यात अडकलीत.

नुहाद

ऐन हजल, २७ सप्टेंबर

वदीअ,

नजला म्हणाली, तू पत्र घेतलंस आणि खिशात घातलंस. फाडलं नाहीस. म्हणून दुसरं लिहितेय.

तोडणी संपली आणि तुझा लहानपणचा दोस्त मीलाद कड्यावर आला. आता तुझी जागा त्याची आहे. टायरच्या दुकानाला कुलूप घालतो, पाच-सहा जण गाडीच्या हौद्यात बसवतो आणि वळणावरच्या संताच्या देवळीपाशी ठाण मांडतो. तुमच्या वेळी निदान सकाळची न्याहारी होईपर्यंत चालायचं. हे दिवसभर असतात. अरक दारूची बाटली दगडावर, गाडीतलं गाणं मोठ्याने, आणि हातात पाचबारी बंदुका. मारलेलं कुणी खात नाही. गरुड कोण खातो? गाडीच्या टपावर पंख पसरून मांडतात, त्यावर काडतुसांच्या टरफलांनी नावं लिहितात, फोटो काढतात आणि फेकून देतात. वळणाखालच्या ओढ्यात इतके सडलेत की खालच्या वाडीतल्या बायका पाणी भरायला वरच्या झऱ्यावर जातात.

परवा ठिपक्यांचे गरुड आले. ढग इतका खाली होता की घंटाघराच्या उंचीवरून जात होते, एकामागे एक, पंख न हलवता. शाळेआधी मी आणि ह्रायर कड्यावरून पाहत होतो. वरून दिसतं ते तुला कधी दिसलं नसेल, तू नेहमी खालून पाहिलंस. वरून दिसतं की बार लागलेला गरुड लगेच पडत नाही. तो रांगेतली आपली जागा धरून ठेवायला बघतो. एक पंख लोंबतोय, तरी मागच्याच्या पुढे आणि पुढच्याच्या मागे राहायला बघतो. मग पडतो.

दुपारी मी शाळेत सातवीच्या वर्गात होते. फाटकापाशी हॉर्न वाजला. मीलाद गाडीच्या हौद्यात उभा. "मास्तरीणबाई! तुमचा पाहुणा चुकून आमच्याकडे आला होता!" आणि त्याने फाटकावरून एक गरुड आत फेकला. जिवंत. एक पंख फक्त कातड्याला लोंबत होता. मुली किंचाळत भिंतीला चिकटल्या. मी ओढणी टाकून त्याला धरायला गेले आणि त्याने माझा डावा हात पकडला. नखं तळव्यातून आरपार. वदीअ, तो पक्षी मला मारायला बघत नव्हता. त्याला धरायला काहीतरी हवं होतं. ह्रायरने येऊन एकेक बोट सोडवलं, तोवर मी अंगणात गुडघे टेकून बसले होते आणि बाहेर ते सगळे टाळ्या वाजवत होते.

चौकीवर गेले. भिंतीवर गरुड मारायला बंदी असल्याचं मोठं चित्र लावलंय, तुझ्या खटल्यानंतर बैरूतहून आलं होतं. हवालदाराने वही काढली. "नाव?" मी म्हटलं, "मीलाद." तो म्हणाला, "बाई, पक्ष्याचं नाव विचारतोय." मग स्वतःच्याच विनोदावर हसला. त्याचा मेहुणा मीलादच्या गाडीत असतो.

खालच्या गावच्या बकऱ्यांच्या डॉक्टरने पंख कापून टाकला. गरुड जगला. आता कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात आहे आणि आईच्या ताब्यात आहे. कोंबडीच्या माना चिमट्याने भरवते आणि त्याच्याशी बोलते. "खा रे. तोंड फिरवू नकोस. हा रुसवा मला नको दाखवूस, मी असले रुसवे पुष्कळ पाहिलेत." कोणाचे पाहिलेत ते सांगायला नको.

नुहाद

ऐन हजल, ६ ऑक्टोबर

वदीअ,

हे वाचून झालं की खरोखरच फाड.

शुक्रवारी ह्रायर गावातून पाव घेऊन येत होता. वळणावर मीलादने गाडी आडवी घातली. चौघे होते. आधी दुर्बीण हिसकावली आणि दगडावर आपटली. मग त्याला गुडघ्यावर बसवलं. एकाने केस धरले, एकाने जबडा दाबला आणि मीलादने एक मेलेला मधुबाज त्याच्या तोंडात कोंबला. पिसांसकट. "मोज आता! किती झाले, मोज!" उरलेल्या डोळ्यासमोर चाकू धरला होता, त्यामुळे तो हलू शकत नव्हता. मग बरगड्यांवर लाथा. हे सगळं त्यांनी फोनवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाने पाहिलं. दवाखान्यातल्या नर्सने पाहिलं होतं. ती पट्टी बांधताना त्याच्याकडे बघत नव्हती.

तो आपल्या अंगणात चालत आला तेव्हा त्याच्या तोंडातून पिसं मी काढली. घशापर्यंत गेली होती. आईने गरम पाण्याने त्याचं तोंड धुतलं. वदीअ, तुझा छर्रा डोळ्यात लागला तेव्हा तो रडला नव्हता, स्वतःच्या पायाने गाडीत बसला होता. त्या दिवशी तो आईच्या पदरात डोकं खुपसून रडला. म्हणाला, "पुरे. बरगड्या जुळल्या की मी जातो, नुहाद. मला थांबवू नकोस." मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेले. बाबांची युद्धातली रायफल कुठे आहे ते तुला माहीत आहे. तेलाच्या फडक्यातून काढली, पुसली, गोळ्या भरल्या आणि भर दुपारी गावातून चालत निघाले. खांद्यावर घेऊन. लोकांनी पाहिलं. पाहू दे असंच वाटत होतं. बेकरीवाला अबू जमील दारात येऊन म्हणाला, "मास्तरीणबाई, लांडगा आलाय का?" मी पुढे चालत राहिले.

मीलाद दुकानाच्या दारात टायर बदलत होता. मी छपरावरच्या पाण्याच्या टाकीवर गोळी झाडली. टाकी फाटली आणि सगळं पाणी त्याच्या डोक्यावर, काडतुसांच्या खोक्यांवर. तो आधी हसला. "अगं, आंघोळ घालायची होती तर सांगायचंस!" मग मी नळी त्याच्या छातीवर आणली आणि तो हसायचा थांबला.

आता पुढचं. गावात सगळे समजतात की मी त्याला दम देऊन परत आले. मीलादही तेच समजतो. मी घोडा दाबला, वदीअ. दाबला. दुसरी गोळी अडकली. कट्‌ असा बारीक आवाज आला, तो रस्त्यावरच्या आरड्याओरड्यात कुणाला ऐकू गेला नाही. बाबांनी ती रायफल पंचवीस वर्षं गोठ्यात गंजत ठेवली म्हणून मीलाद आज चालता-फिरता आहे. मी नळी खाली केली आणि घरी आले आणि भांडी घासली.

त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते कुणी मला सांगू शकणार नाही, कारण समोर दुर्बीण लावून कुणी बसलं नव्हतं. मला त्याचा राग आला नव्हता, एवढं मात्र आठवतं. तो मध्ये होता आणि मला तो मध्ये नको होता.

हे तुलाच का सांगतेय ते तुला कळेल.

नुहाद

महिला कोठडी, १९ ऑक्टोबर

वदीअ,

हे पत्र वकीलबाईंच्या हातून येतंय. आधी त्या वाचतील, मग तुमच्याकडचा साहेब वाचेल, मग तू. म्हणून यात फक्त मंगळवारी घडलं तेवढंच आहे. मी आत आहे, हे तुला नजलाकडून कळलं असेल.

मंगळवारी सकाळी मी कड्यावर एकटी होते. ह्रायर बरगड्या बांधून घरी पडला होता. जुनी हातातली दुर्बीण होती. ढग कड्याला टेकला होता आणि पक्षी त्याच्या खालून येत होते, इतके की आकाश वाहतंय असं वाटत होतं. या हंगामातला सगळ्यात मोठा दिवस. मीलाद आणि दोघे जण माझ्या खालच्या टप्प्यावर, पडक्या मेंढवाड्याच्या भिंतीपाशी. मीलादच्या हातात तुझी बंदूक होती. ती मी लांबूनही ओळखते. बाबा गेल्यावर तू सोनाराकडून नळीवर त्यांचं नाव कोरून आणलंस, "इस्कंदर", चांदीची तार भरून. कोर्टात जमा झाली ती दुसरी; ही आत जाताना मीलादला दिलीस हे मला माहीत नव्हतं. बाबांच्या नावाने तो गरुड पाडत होता.

तो थांबतच नव्हता. भरायचा, पाच बार टाकायचा, पुन्हा भरायचा. नळीतून धूर निघत होता. त्याच्याबरोबरचा एक जण म्हणाला, "जरा थंड होऊ दे रे," आणि मीलाद म्हणाला, "ते थंड होईपर्यंत थांबतील का?"

मग एक आवाज झाला. बंदुकीचा आवाज लांब जातो, पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येतो. हा कुठेच गेला नाही. जागच्या जागी फुटला.

मी खाली धावले. नळी मधोमध केळ्याच्या सालीसारखी उलगडली होती. मीलाद खाली बसला होता आणि डाव्या हाताकडे बघत होता. मनगटाच्या पुढे जे होतं त्याला हात म्हणता येत नव्हतं. डावा गाल उघडा पडला होता, आतले दात दिसत होते. डोळ्याच्या जागी रक्ताचे बुडबुडे येत होते. तो माझ्याशी काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता आणि जीभ गालातून बाहेर येत होती. ते दोघे? एकाने बंदुकीचे तुकडे गोळा करून पोत्यात घातले, दुसरा त्याच्या आधीच पळत सुटला होता. बंदूक विनापरवाना. त्यांना आधी तेच आठवलं.

मी ओढणीने दंड आवळला. ओरडून ओरडून घसा बसला. ह्रायर खालून वर आला, बरगड्या धरून, शिट्ट्या वाजवत. मीलादला पाहिलं आणि क्षणभर उभाच राहिला. मला वाटलं, आता हा मागे फिरेल, आणि फिरला असता तर मी त्याला काही म्हटलं नसतं. तो म्हणाला, "पाय तू धर."

मीलादच्याच गाडीतून नेलं. ह्रायरने चालवली. मी हौद्यात बसले, त्याचं डोकं मांडीवर, आणि सगळा रस्ता त्याचा गाल दोन्ही हातांनी मिटवून धरला. सकाळपासून पाडलेले पक्षी तिथेच होते. प्रत्येक वळणावर आमच्या अंगावर घसरत होते. काही अजून जिवंत होते.

आम्ही इस्पितळात असतानाच गावात बातमी पोचली की नुहादने मीलादला गोळी घातली. पाण्याची टाकी सगळ्यांनी पाहिलेली होती, त्यामुळे कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याचे दोघे भाऊ आपल्या घरी आले. घरात एकटी आई. त्यांनी खुराडं फोडलं, गरुडाला पायांनी धरलं आणि भिंतीवर आपटून आपटून मारलं. आई मध्ये पडली. "अरे, जखमी आहे तो, माझ्या दारात आलेला आहे!" त्यांनी तिचा हात पिरगळला. मनगट मोडलं. उम्म वदीअचं, वदीअच्या आईचं मनगट. त्या दोघांना लहानपणी जिने आपल्याबरोबर जेवायला वाढलं तिचं.

मला इस्पितळाच्या दारातूनच चौकीवर नेलं. "तुमच्याच सुरक्षेसाठी," असं हवालदार म्हणाला. दुसऱ्या दिवशी कलम लागलं. मीलादला शुद्ध आली तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मोठ्या भावाने विचारलं, "नुहादने मारलं ना?" आणि त्याने मान हलवली. पोलिसांसमोर पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली. मी ज्याचा गाल धरून ठेवला त्यानेच.

डॉक्टरांनी त्याच्या जबड्यातून लोखंडाचे तुकडे काढलेत. भाऊ म्हणतात, त्याच्याकडे त्या दिवशी बंदूकच नव्हती. पोतं कुठे गेलं कुणाला माहीत नाही. वकीलबाई म्हणतात, "तुमच्या भावाला लिहा. बंदूक त्याची होती एवढं त्याने सांगितलं तरी पुरे." मी म्हटलं, घडलं ते लिहीन, पण विनंती करणार नाही. बंदूक तुझी म्हणालास तर तुझी शिक्षा वाढेल, हे त्यांनीच मला सांगितलं. आणि आत मीलादचा चुलतभाऊ तुझ्याच बराकीत आहे, हे मला माहीत आहे.

तेव्हा हे मागणं नाही. तू कळवलं नाहीस तर मला नवल वाटणार नाही आणि मी ते मनात धरणार नाही.

आईच्या हाताला प्लास्टर आहे. नजला तिच्याजवळ राहायला आलीय.

नुहाद

ऐन हजल, ८ नोव्हेंबर

वदीअ,

मी घरी आहे. सोमवारी सोडलं.

न्यायाधीशांसमोर तू काय बोललास ते वकीलबाईंनी मला वाचून दाखवलं. कोर्टाच्या व्हरांड्यात, उभ्याउभ्या. तू म्हणालास, बंदूक माझी. परवाना नाही. नळीच्या मध्यावर फुगवटा आला होता, मीलादला मी सांगितलं होतं की ही भिंतीवर टांग, हिने बार टाकू नकोस. नळीवर माझ्या बापाचं नाव आहे, जहलेच्या सोनाराने कोरलेलं, तुकडे सापडले तर त्याला दाखवा. आणि मग डॉक्टरांच्या डबीतला तो तुकडा. मीलादच्या जबड्यातून काढलेला. धुतल्यावर त्यावर चांदीची तार चमकली आणि बाबांच्या नावाची दोन अक्षरं दिसली. सोनाराने पाहिल्या पाहिल्या ओळखली. तारेची ती वळणं त्याच्याच हातची.

न्यायाधीशांनी तुला विचारलं, "बहिणीला वाचवण्यासाठी हे सांगतोयस का?" तुझं उत्तर मी वकीलबाईंकडून दोनदा वाचून घेतलं. "बहिणीशी माझं बोलणं नाही, साहेब. तिने माझ्याविरुद्ध साक्ष दिली ती खरी होती. खोटी असती तर मी तिच्याशी केव्हाच बोललो असतो."

 

मीलादला खोटी मान हलवल्याबद्दल काही होणार नाही. भावाने विचारलं ते समजलं नव्हतं, असं आता म्हणतात. एक हात आणि एक डोळा गेला. ह्रायर बैरूतला जाताना इस्पितळात त्याच्या खोलीत जाऊन आला. संत्री घेऊन गेला होता. मीलादने भिंतीकडे तोंड केलं. ह्रायर थोडा वेळ खुर्चीवर बसला, संत्री उशापाशी ठेवली आणि निघाला. मला म्हणाला, "मला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. नाही वाटलं." पुढच्या वर्षी येणार का, हे मी विचारलं नाही.

कड्यावर सध्या कुणी फिरकत नाही. पलीकडच्या डोंगरावर बार चालूच आहेत, इथपर्यंत ऐकू येतात. पण आपल्या राईत काल संध्याकाळी शेवटचे बाज उतरले. मी मेंढवाड्याच्या भिंतीवर बसून पाहत होते. पंख झटकले, फांदीवर सरकून सरकून जागा केली, एकमेकांवर थोडं गुरगुरले आणि गप्प झाले. सकाळी सगळेच्या सगळे उठून गेले. मी मोजले नाहीत. नुसती बसले होते.

आता आजचं. आज भेटीच्या रांगेत मी उभी राहिले. नजलाने तिची पाळी मला दिली. मनाशी ठरवलं होतं, तू उठून गेलास तर झातरचा मसाला आणि ऑलिव्हचा डबा ठेवायचा आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचं. तू जाळीपाशी आलास आणि मी तुला ओळखलंच नाही. कानापासून हनुवटीपर्यंत टाके. सूज अशी की डावा डोळा मिटलेला. कोणी केलं ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. बराकीत तुझ्याबरोबर कोण आहे ते आपल्या दोघांना माहीत आहे. जबानी देताना तुला हे होणार हेही माहीत होतं.

तू बसलास. उठून गेला नाहीस. मी काहीबाही बोलत राहिले. आईचं प्लास्टर, छत गळतंय, नजलाच्या हातचा दही-गव्हाचा किश्क या वर्षी आंबट झालाय. तू ऐकत होतास की नाही कळत नव्हतं. शिपायाने "चला, वेळ झाली" म्हटलं, मी उठले, आणि तेव्हा तू बोललास. टाक्यांमुळे ओठ नीट उघडत नव्हते. "आईला आणू नकोस. तोंड जरा बरं होऊ दे, मग आण."

एका वर्षाने, एवढंच.

घरी आले तर आई दारातच उभी. "भेटला? बोलला? कसा आहे? बारीक झालाय का?" वदीअ, मी कोर्टात खोटं बोलले नाही, शेजाऱ्यांपुढे बोलले नाही, तुझ्यासाठीसुद्धा बोलले नाही. आज मी आईच्या डोळ्यात बघून म्हणाले, "बरा आहे. जरा सर्दी झालीय."

आता ती एका हाताने कोंबडी साफ करतेय. म्हणते, सर्दीला सूपच हवं, गुरुवारी मी स्वतः घेऊन जाणार, आणि मला कोण अडवतं तेच बघते. नजलाने समजावलं, मी समजावलं. ऐकत नाही. तुझंच ऐकेल.

तेव्हा तिला दोन ओळी लिही आणि गुरुवारच्या आत वकीलबाईंकडे दे. काय लिहायचं ते तू बघ. फक्त सर्दी आहे असंच लिही, नाहीतर मी खोटी पडेन.

नुहाद